दगडू, उखर्डू, नथू : मृत्यूच्या नजरेतून निसटण्यासाठी ठेवलेली नावे

थ्रेड मोठा आहे, सवडीने वाचावा. विषय आहे खानदेशातील जुनी नावे, त्यांचे अर्थ आणि त्या अर्थांमागचा इतिहास.

सुरुवात एका सर्वपरिचित घरापासून करू. बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० साली जळगावजवळच्या आसोदा या गावी झाला. वडिलांचे नाव उखाजी महाजन, आईचे भिमाई. लग्न झाले ते जळगावच्या नथुजी खंडेराव चौधरी यांच्याशी. मुलांची नावे काशी, ओंकार आणि सोपानदेव. बहिणाबाईंच्या कवितेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आज आपण तिकडे वळणार नाही. फक्त ही नावे पिढीच्या क्रमाने पुन्हा वाचा. उखाजी, नथुजी. मग ओंकार, सोपानदेव. पहिली दोन नावे आज कोणी बाळाला ठेवणार नाही. पुढची दोन आजही बारशाच्या पत्रिकेत छापली जातील. एकाच घरात, एका पिढीच्या अंतराने नावांची जातकुळी बदललेली दिसते. हा बदल समजून घ्यायचा तर आधीची नावे कशासाठी ठेवली जात, ते पाहावे लागेल.

खानदेश-वऱ्हाडाकडे उकिरड्याला उखर्डा म्हणतात. त्यावरून उखर्डू, उखर्डा ही पुरुषांची नावे झाली. उखा, उखाजी ही मला त्याच कुळातली आखूड आणि आदरार्थी रूपे वाटतात. याच पंगतीत दगडू, दगा, धोंडू, कचरू, केरू, सांडू, भिका, भिकन, फकिरा, झिपरू बसतात. दगड, धोंडा, कचरा, केर, सांडलेले, भीक मागून आणलेले, फकिराचे, झिपऱ्या वाढलेले. जळगाव-धुळ्याच्या कोणत्याही जुन्या गावात सत्तरी ओलांडलेल्या माणसांची यादी करा, यांतली निम्मी नावे सहज सापडतील. नशिराबादचे झिपरूअण्णा महाराज तर अनेकांचे श्रद्धास्थान आहेत.

आपल्या पोटच्या पोराला कचरा म्हणणारी आई कोणत्या मनःस्थितीत असेल? उत्तर साधे आहे. तिची आधीची मुले जगली नव्हती.

ज्या घरात लागोपाठ मुले दगावत, तिथे असा समज होता की कोणाची तरी नजर या घरावर आहे. ती दृष्ट असेल, सटवाई असेल, एखादी अतृप्त बाई असेल किंवा प्रत्यक्ष यम असेल. चांगली वस्तू दिसली की ती उचलली जाते. मग वस्तू चांगली आहे हे कळूच द्यायचे नाही. जन्मलेल्या मुलाला क्षणभर उकिरड्यावर ठेवायचे, शेजारच्या किंवा परक्या जातीतल्या बाईने ते उचलायचे आणि आईने पसाभर धान्य किंवा एखादे नाणे देऊन ते तिच्याकडून "विकत" घ्यायचे. आता हे मूल त्या घराचे राहिले नाही, टाकलेले आणि दुसऱ्याकडून आणलेले झाले. टाकले म्हणून उखर्डू किंवा सांडू, मागून आणले म्हणून भिका. बाळाला पहिले कपडेही चार घरांतून मागून आणलेले घालत.

नथूची युक्ती आणखी वेगळी. मुलगे जगत नसतील तर नव्या मुलाचे नाक टोचून त्यात नथ घालायची, म्हणजे पाहणाऱ्या शक्तीला तो मुलगी वाटेल आणि ती पुढे निघून जाईल. नथू, नथ्थू, नथा ही नावे त्या टोचलेल्या नाकाची आहेत. मुलगी असणे हेच लपण्याचे ठिकाण ठरावे, यात त्या काळाच्या समाजाविषयी जे सांगितले गेले आहे ते एखाद्या जाडजूड ग्रंथातही इतके उघड सापडणार नाही.

या नावांना हसण्याआधी तो काळ डोळ्यांसमोर आणा. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत ब्रिटिश हिंदुस्थानात नोंदवलेला बालमृत्यूचा दर हजार जन्मांमागे दोनशेच्या आसपास होता. म्हणजे पाचांतले एक मूल वर्षाचे होण्याआधी जाई. विळ्याने किंवा मिळेल त्या हत्याराने नाळ कापली जाई आणि त्यातून धनुर्वात होई. नवजात बालकाचा धनुर्वात साधारणपणे पहिल्या दोन आठवड्यांतच गाठतो. पाचवी-सहावीला सटवाईची पूजा आणि बाराव्या दिवशी बारसे, हा क्रम या भीतीच्या दिवसांशी किती जुळतो ते पाहा. धोका सरत आला की मगच नाव. त्यात १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे लागोपाठचे दुष्काळ, १८९६ पासूनची प्लेगची साथ आणि १९१८ चा इन्फ्लुएन्झा. लस नव्हती, डॉक्टर नव्हता. हाताशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे शब्द. आईबापांनी तोच वापरला.

इथे अभ्यासकाने एक सावधगिरी बाळगावी. एखाद्याचे नाव दगडू आहे, एवढ्यावरून त्याच्या आधीची भावंडे गेली होती असे सिद्ध होत नाही. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची चाल आपल्याकडे होतीच. त्यामुळे एका पिढीच्या भीतीतून आलेले नाव दुसऱ्या पिढीत नुसता वारसा बनून राहते. म्हणून एकट्या नावावर निष्कर्ष काढू नये. गावातली शंभर-दोनशे नावे, त्यांची जन्मवर्षे आणि साथी-दुष्काळांची वर्षे शेजारी मांडली की मग ती बोलू लागतात.

हा रिवाज गरिबांचा, खेड्यातला किंवा फक्त खानदेशचा, असा समज झाला असेल तर तो खोडून काढतो. भारतरत्न महर्षी कर्वे यांचे नाव धोंडो केशव. एकोणिसाव्या शतकातले नामांकित गणिती छत्रे यांचे नाव केरो लक्ष्मण. कोकणस्थ ब्राह्मणांच्या घरांतही धोंडा आणि केर पोहोचलेले होते. पुण्याचा सर्वांत प्रसिद्ध गणपती ज्यांच्या नावाने ओळखला जातो, ते हलवाई दगडूशेठ होते. त्या नावापुढे आज लाखो लोक हात जोडतात. अर्थ कोणाच्या मनात येत नाही.

देशाबाहेर पाहिले तरी हेच. क्रोएशिया, सर्बिया या प्रदेशांतल्या दक्षिण स्लाव लोकांत वूक हे नाव आहे, अर्थ लांडगा. सर्बियन भाषेचे मोठे सुधारक वूक काराजिच १७८७ साली जन्मले. त्यांच्या आधीची भावंडे दगावली होती, म्हणून चेटकिणींना भीती वाटावी या हेतूने घरच्यांनी मुलाला लांडगा केले. त्याच भाषांत स्टोयान म्हणजे टिकून उभा राहणारा आणि झिव्को म्हणजे जिवंत. आपल्याकडे मृत्यूला चकवायचे, तिकडे त्याला घाबरवायचे किंवा थेट "हा राहणार" म्हणून बजावायचे. चीनमध्ये हान काळातला थोर साहित्यिक सिमा श्यांगरू याचे बालपणीचे नाव कुत्र्यावरून होते.

क्रोएशियाचा आणखी एक धागा आपल्या कामाचा आहे. सोळाव्या शतकात ट्रेंट येथे भरलेल्या धर्मपरिषदेनंतर कॅथलिक चर्चने बाप्तिस्म्यासाठी संतांच्या नावांचा आग्रह वाढवला आणि जुनी स्लाव नावे मागे पडली. एकोणिसाव्या शतकात राष्ट्रीय जागृती झाली तशी टोमिस्लाव, झ्वोनिमिर यांसारखी मध्ययुगीन राजांची नावे पाळण्यात परत आली. नाव कोण लिहून घेतो, यावर नाव ठरते. तिकडे पाद्री होता. आपल्याकडे हे काम पुढे शाळामास्तरांनी केले. त्याकडे मी शेवटी येतो.

त्याआधी एक अवघड गोष्ट. ओबडधोबड नाव म्हणजे आईची माया, असे सरसकट म्हणणे खोटेपणाचे ठरेल. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नामकरणाचा नियम आहे : ब्राह्मणाचे नाव मंगल असावे, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे मात्र तिरस्कार सुचवणारे. म्हणजे एकच शब्द, धरा कचरू, दोन अगदी वेगळ्या वाटांनी माणसाला चिकटू शकतो. एका घरात तो मृत्यूला चकवण्यासाठी आईने निवडलेला असतो. दुसऱ्या घरात, चांगले नाव ठेवले तर गाव काय म्हणेल या धाकाने तो पत्करलेला असतो. नाव कागदावर सारखेच दिसते. दया पवार यांचे मूळ नाव दगडू. १९७८ साली आलेल्या "बलुतं"मधून ते दगडू मारुती पवार महाराष्ट्राला भेटले. तिथे त्या नावाला जे वजन आहे, ते पुण्याच्या दगडूशेठांच्या नावाला नाही.

आणि याला उलट उत्तर देणारेही फार पूर्वी होऊन गेले. चौदाव्या शतकातले संत चोखामेळा आणि त्यांची बहीण निर्मळा यांची नावे आठवा. चोखा म्हणजे शुद्ध, निर्मळा म्हणजे मळ नसलेली. ज्या घराला गावाने अस्पृश्य ठरवले, त्या घरात स्वच्छतेचेच दोन शब्द माणसांची नावे होऊन वावरत होते. १९५६ च्या धर्मांतरानंतर गौतम, सिद्धार्थ, राहुल, मिलिंद ही नावे खानदेशासह सगळ्या महाराष्ट्रातल्या बौद्ध वस्त्यांमध्ये झपाट्याने आली, ती याच संघर्षाची पुढची पायरी. धर्मांतराचा सगळ्यांत रोजचा, हाक मारता येण्यासारखा पुरावा म्हणून मी या नावांकडे पाहतो.

मुलींच्या बाबतीत फरक आणखी तीव्र होतो. दगडाबाई, धोंडाबाई, भिकाबाई ही नावे आहेत आणि तीही राखणीचीच आहेत. मुलगी जगावी म्हणून नवस करणारी घरे होती. पण नकोशी, नकुसा हे नाव वरवर या कुळातले दिसले तरी या कुळातले नाही. दगडू हे मृत्यूला सांगितलेले खोटे आहे. नकोशी हे मुलीला सांगितलेले खरे आहे. पहिल्यात नावाचा अर्थ आणि आईबापांची इच्छा एकमेकांच्या उलट आहेत, दुसऱ्यात त्या एकच आहेत. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. ही बातमी साताऱ्याची म्हणून आपण निश्चिंत राहू नये. त्याच वर्षीच्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली साडेआठशेहूनही कमी होत्या. नकोशी म्हणण्याइतकाही काळ ज्यांना मिळाला नाही, त्यांच्या नावांची नोंद कुठल्याच वहीत नाही.

बायकांच्या नावांचे आणखी एक दुखणे. नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. पण बाईचे स्वतःचे नावही वापरातून जाई. अहिराणीत हाक यायची ती "दगडूनी माय" अशी. म्हणजे गावाच्या तोंडी तिची ओळख राहिली ती मुलाच्या नावातून, आणि तेही मृत्यूला चकवण्यासाठी घेतलेल्या खोट्या नावातून. पणजीचे नाव विचारले की अनेक घरांत शांतता पसरते, त्याचे कारण हे आहे.

सगळीच जुनी नावे भीतीची नव्हती, हेही सांगितले पाहिजे. चाळीसगावजवळच्या पाटणे येथील शिलालेख घ्या. एकोणिसाव्या शतकात भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. यादव सम्राट सिंघण यांच्या काळात, स्थानिक निकुंभ राजांच्या आश्रयाने, भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने इथे मठ स्थापन केला. लेखात घराण्याची वंशावळ आहे : त्रिविक्रम, भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, भास्कर, लक्ष्मीधर. आठ पिढ्या अस्सल संस्कृत नावे. आणि मग नातू येतो, त्याचे नाव चांगदेव! चांग म्हणजे चांगला, थेट लोकांच्या बोलीतला शब्द. ज्या लेखाच्या शेवटी संस्कृत सोडून जुनी मराठी अवतरते, त्याच लेखातल्या घराण्यातही बोली पाळण्यापर्यंत पोहोचली होती. मला हा योगायोग फार आवडतो.

त्याहून मागे जायचे तर सातमाळ्याच्या डोंगरात पितळखोऱ्याला जा. जिल्हा आज छत्रपती संभाजीनगर, पण वाट चाळीसगावकडूनही आहे. तिथल्या यक्षमूर्तीच्या हातावर, ती घडवणाऱ्या सोनाराने दोन हजार वर्षांपूर्वी आपले नाव कोरले आहे : कण्हदास. तोच कण्ह पुढे कान्हा होऊन आपल्याकडच्या कान्हूंमध्ये आजही हाकेला ओ देतो.

१३८२ ते १६०१ या काळात इथे फारूकी सुलतान होते. त्यांच्या बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृतातही लेख आहे, सुलतानांची नावे देवनागरीत लिहिलेली. आदिल या अरबी नावाचा, म्हणजे न्यायी या शब्दाचा, इथल्या जिभेवर एदल झाला आणि त्यावरून एदलाबाद. तेच आजचे मुक्ताईनगर. सुलतानाच्या नावाचे गाव संत मुक्ताईचे झाले. माणसांच्या नावांतही ही सरमिसळ आहे. गुलाबरावमध्ये फारसी गुलाबाला मराठी राव जोडलेला आहे, साहेबरावमध्ये अरबी साहेबाला. हिलाल म्हणजे चंद्रकोर. हे अरबी नाव खानदेशातल्या हिंदू शेतकरी घरांत इतके मुरले आहे की ते अरबी आहे हेच कोणाला ठाऊक नसते.

तापीराम आणि तापीबाई ही नावे नदीच्या काठाबाहेर फारशी सापडत नाहीत. सातपुड्यातल्या आणि साक्री-नवापूरकडच्या आदिवासींमध्ये वारावरून नावे असत : सोम्या, मंगळ्या, बुध्या, मुलगी असेल तर बुधी, मंगली. कधी महिन्यावरून. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याच्या जंगलराखणीसाठी २०२५ साली पद्मश्री मिळालेल्या चैत्राम पवार यांच्या नावात चैत्र दडलेला आहे. ज्यांच्याकडे जन्माचा दाखला नव्हता, त्यांनी जन्मदिवस नावातच ठेवून दिला होता.

आता मास्तरांकडे. शाळेत नाव घालायला आणलेल्या पोराचे "दगडू" ऐकून मास्तर म्हणत, "दत्तात्रय लिहितो". उखर्डूचा उत्तम होई, धोंडूचा धनराज. जन्मतारीख बहुधा १ जून. घरी जुने नाव, रजिस्टरात नवे. लशी आल्या, दवाखाने आले, मुले जगू लागली. चकवण्याची गरज संपली आणि चकवण्याचे शब्द फक्त लाजेचे उरले. २०१४ च्या "टाइमपास" चित्रपटातल्या नायकाचे नाव दगडू ठेवले, ते ऐकताच प्रेक्षकाला त्याची पायरी कळावी म्हणूनच. म्हाताऱ्या आजोबांचे नाव मित्रांना सांगताना आपल्यातले कित्येक जण अडखळतात, हेही मी पाहिले आहे.

ही लाज आता व्यवहारातही महागात पडते. कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून घरोघरी मोडीतली कोतवाल बुके, शाळांची जनरल रजिस्टरे, जुने सातबारे उलगडले जात आहेत. एका कागदावर दगा, दुसऱ्यावर दगडू, तिसऱ्यावर दत्तात्रय. तिघे एकच, हे सिद्ध करायला नातवाला प्रतिज्ञापत्र करावे लागते. जन्मनोंदीत तर पुष्कळदा बाळाचे नावच नसते. बापाचे नाव आणि पुढे "मुलगा" किंवा "मुलगी". साहजिक आहे, बारसे व्हायचे होते.

माणसांची आणि गावांची नावे हे इतिहासाचे साधन आहे, हे मराठीत आग्रहाने सांगणारे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच वारले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथे आहे. गेला नसाल तर जा.

आणि घरी एक काम करा. आजी-आजोबांचे शाळेच्या दाखल्यावरचे नाव आणि हाक मारायचे नाव, दोन्ही विचारा. त्यांच्या आधी किती भावंडे झाली होती, तेही विचारा. मात्र सांभाळून, कारण त्या प्रश्नावर काही जण बोलायचे थांबतात. सांगण्याजोगे असेल तर खाली लिहा : नाव, गाव, अंदाजे जन्मवर्ष. आडनाव नको. अहिराणी, लेवा किंवा भिली बोलीत त्या नावाची हाक कशी मारत, तेही कळवा.